गुप्तहेर नेमताय? आधी कागद करा

मुलीसाठी कल्याण-डोंबिवलीचं स्थळ आलं, की मुलाची नोकरी, कर्ज, आधीचं लग्न तपासायला काही घरं खासगी गुप्तहेर नेमतात. तो पगारी माणूस नव्हे, ठेक्यावर काम घेणारा. म्हणून आम्ही सांगतो, तोंडी बोलीवर पैसे देऊ नका. काम कोणतं, मुदत किती, फी आणि प्रवासखर्च किती, अहवाल लेखी मिळणार का, माहिती गुप्त राहणार का, सगळं लिहून घ्या.

कुणाच्या फोनच्या कॉलची यादी मात्र मागू नका. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी अशा याद्यांचा बेकायदा धंदा उघड केला. खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. मागणाराही अडकू शकतो. बेकायदा कामाचा करार १८७२ च्या करार कायद्यानुसार कोर्ट मानत नाही. सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते.