बाकावरचा खेळाडू खेळत असतो का?

मागच्या व्याख्यानात आपण हास्याच्या उपपत्ती पाहिल्या. दुसऱ्याचं उणेपण दिसलं की आपण एकदम मोठे झाल्यासारखे वाटतो आणि हसतो, असं हॉब्ज म्हणतो. कांटच्या मते ताणलेली अपेक्षा फुस्स झाली की हसू फुटतं. आज एक उदाहरण घेऊ. उदाहरण माझ्या वयाला शोभणारं नाही, पण घेतो.

ऑगस्ट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर 'हूप्स' नावाची कार्टून मालिका आली. कार्टून म्हटलं म्हणून नातवंडांना घेऊन बसू नका बरं का, ती प्रौढांसाठी आहे आणि भाषा अगदी शिवराळ आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या एका हायस्कूलचा बास्केटबॉल संघ, आणि बेन हॉपकिन्स नावाचा त्याचा तापट प्रशिक्षक. दुसऱ्या कुठल्याही शाळेत जी मुलं बाकावर बसली असती, तीच इथं मैदानात आहेत. दहा भाग झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मालिका बंद पडली.

मालिका मला फारशी आवडली नाही. ती मुलांकडे बघतच नाही, ओरडणाऱ्या प्रशिक्षकाकडेच बघत राहते. पण तिच्यामुळे एक प्रश्न डोक्यात बसला. बाकावर बसलेला खेळाडू खेळत असतो का?

आधी हिशेब करू. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाच जण मैदानात असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हायस्कूलचा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे ३२ मिनिटांचा. पाच गुणिले ३२, १६० मिनिटं. संघात १२ मुलं असली आणि समान वाटणी केली, तर प्रत्येकाला १३ मिनिटं २० सेकंद यायला हवीत. पण समान वाटणी कोण करतो? मोठा वाटा पहिल्या पाचांचा. शेवटच्या दोघा-तिघांना संधी कधी, तर सामन्याचा निकाल लागून गेल्यावर. अमेरिकन लोक त्या वेळेला सरळ 'गार्बेज टाइम' म्हणतात. कचऱ्याची वेळ!

आता बर्नार्ड सूट्स. या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गरज नसलेले अडथळे आपण राजीखुशीनं अंगावर घेतो आणि ते पार करू बघतो, त्याला खेळ म्हणायचं. बास्केट दहा फुटांवर टांगायची, वर चेंडू घेऊन पळायचं नाही, तो आपटत न्यायचा. बाकावरच्या मुलाला हे सगळे नियम मान्य असतात. गणवेश असतो, अंगावर नंबर असतो. फक्त अडथळा वाट्याला येत नाही.

आपल्याकडे याच्या नेमकं उलट एक पात्र आहे, लिंबूटिंबू. गल्लीत लहान भावंडाला खेळायला घ्यायचं, पण तो आऊट झाला तरी धरायचं नाही. लिंबूटिंबू खेळतो पण मोजला जात नाही. बाकावरचा मोजला जातो पण खेळत नाही. गीतेतल्या निष्काम कर्मयोगाचा दाखला इथं कुणीतरी देईलच. पण बघा, तिथं फळावर अधिकार नसला तरी कर्मावर आहे. या पोराला कर्मच मिळत नाही!

मग अशा मुलाची गोष्ट सांगायची कशी? नेहमीची रीत म्हणजे त्याला शेवटी उठवायचं. मायकल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं, हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. प्रत्यक्षात दहावीच्या वर्षी त्याला कनिष्ठ संघात ठेवलं होतं आणि मुख्य संघातली जागा त्याच्याहून उंच अशा वर्गमित्राला मिळाली होती. पण तो जॉर्डन झाला नसता तर ही गोष्ट आपल्यापर्यंत आली असती का?

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. १५ फेब्रुवारी २००६, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर. जेसन मॅकएल्वेन हा स्वमग्न मुलगा संघाचा व्यवस्थापक होता. पाणी द्यायचं, टॉवेल द्यायचे, सामान बघायचं. मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात प्रशिक्षकानं त्याला गणवेश दिला आणि चार मिनिटं उरली असताना मैदानात पाठवलं. पहिले दोन फेक चुकले. नंतर त्यानं २० गुण केले. ते चित्रण जगभर फिरलं. मीही पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. पण तिसरा, चौथा, पाचवा, सगळेच फेक चुकले असते तर? मुलगा तोच, त्याची मेहनत तीच, प्रशिक्षकाचा चांगुलपणाही तोच. आपण मात्र पाहिलं नसतं. आपल्याला तो मुलगा हवा होता की त्याचे २० गुण, हे मी अजून स्वतःला विचारतो.

म्हणून मला सिटकॉम हा प्रकार इथं योग्य वाटतो. त्याचा नियमच असा की भाग संपला की परिस्थिती बहुधा होती तिथंच परत. कुणी चॅम्पियन होत नाही. पुढच्या आठवड्यात पोरगं पुन्हा त्याच बाकावर. ॲरिस्टॉटल म्हणतो की हास्यास्पद दोष वेदना देणारा नसावा. चांगली मालिका ते साधू शकते, म्हणजे अपयश कायम ठेवून त्यातली वेदना हलकी करते, आणि उठून दाखवायची अट घालत नाही. 'हूप्स'ला हे जमलं असतं. पण तिनं हॉब्जचा रस्ता धरला.

एका बाईंची चिठ्ठी आली आहे. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत शाळेच्या संघात आहे, दोन वर्षं बाकावरच आहे. विचारतात, सोडू द्यावं का?

बाई, माझा उलटा प्रश्न, सरावाला तो कसा जातो? कुरकुरत की पळत? कारण मघाशी मी एक गोष्ट लपवली. सरावात पहिल्या पाचांसमोर उभं राहतं कोण? हीच बाकावरची मुलं. पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्यासारखं खेळून दाखवायचं काम त्यांचं. म्हणजे सूट्सच्या व्याख्येत तो आठवड्यातले बरेच दिवस चोख बसतो. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही बघायला जाता तेव्हाच तेवढा बसत नाही.

लगेच दुसरी ओळ आली त्यांची: "सरावाला पालकांना आत सोडत नाहीत."

हं. याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढचा प्रश्न घेऊ.