मोटारींतील मुका रेडिओ

आमच्या जालना जिल्ह्यांत वैशाखाचें ऊन, धूळ आणि खडबडीत रस्ते यांशीं प्रत्येक मोटारीची गांठ पडते. अशा मोटारींत कारखान्यानेंच बसविलेला स्टिरिओ एके दिवशीं मुका झाला, कीं आपण तो मेला असें समजून नव्याची किंमत विचारूं लागतों. परंतु पुष्कळ वेळां यंत्र धडधाकट असतें. त्यास वीज मात्र पोंचत नसते.

ही १२ व्होल्टची वीज बॅटरींतून फ्यूजच्या वाटेनें येते. फ्यूजमधील पट्टी मुद्दाम नाजूक केलेली असते. प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास ती आधीं वितळते व बाकीच्या तारा वांचवते. म्हणून प्रथम फ्यूज पाहावा. जळला असल्यास तितक्याच अँपिअरचा बसवावा. १० च्या जागीं ३० चा बसविणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. नवाही लागलींच जळला, तर तारांत दोष आहे असें जाणावें.

फ्यूज शाबूत असल्यास वडीलधाऱ्यांस सोबत घेऊन पुढें जावें. कांहीं यंत्रें वीज तुटल्यावर सांकेतिक अंक मागतात. ते आधीं कागदपत्रांत शोधावे. मग बॅटरीचें ऋण टोक सोडून यंत्र बाहेर काढावें व सैल जोडण्या घट्ट कराव्या. पुन्हां बॅटरी जोडून मीटरनें तीन तारा तपासाव्या: सदैव वीज देणारी, किल्ली फिरविल्यावर देणारी, आणि मोटारीच्या सांगाड्यास जोडलेली. तिन्ही नीट असून यंत्र मुकेंच राहिलें, तरच नवें घ्यावें. त्याची रुंदी बहुधा १८० व उंची ५० किंवा १०० मिलिमीटर असते. खण मोजूनच बाजारांत जावें.

विद्यार्थिमित्रहो, दोषाचें मूळ सांपडल्यावांचून दाम मोजूं नये.