इलेक्ट्रिक मोटार परवडते का? हिशेब किलोमीटरचा आणि ठेवीचा

इलेक्ट्रिक मोटारीवर वस्तू व सेवा कर फक्त 5 टक्के आहे. काही राज्यांत रस्ताकर माफ आहे किंवा कमी आहे. तेलंगणाने नोव्हेंबर 2024 पासून रस्ताकर आणि नोंदणी शुल्क दोन्ही माफ केले. पेट्रोलच्या मानाने विजेचा खर्च अगदी थोडा. तरीही 2024 साली देशात विकल्या गेलेल्या दर शंभर मोटारींपैकी इलेक्ट्रिक मोटारी जेमतेम दोन-तीनच होत्या. लोकांना फायदा समजत नाही म्हणून असे झाले, हे खरे नव्हे. बऱ्याच घरांनी कागद-पेन घेऊन हिशेब केला आणि तो जुळला नाही. तो कुठे अडतो, ते पाहू.

समजा, एका कुटुंबाला लहान मोटार घ्यायची आहे. पेट्रोलच्या गाडीपेक्षा तशीच इलेक्ट्रिक गाडी साडेतीन लाख रुपयांनी महाग पडते. पेट्रोल लिटरला 100 रुपये आणि गाडी लिटरमागे 16 किलोमीटर जाते असे धरले, तर किलोमीटरला सव्वासहा रुपये लागतात. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये 7 किलोमीटर जाते आणि घरची वीज युनिटला 8 रुपये पडते असे धरू. म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वा रुपया. दर किलोमीटरला बचत पाच रुपये. (इंजिन ऑइल वगैरे नसल्याने देखभाल स्वस्त, पण गाडी महाग असल्याने तिच्या नुकसानीचा विमा महाग. सोपेपणासाठी या दोन्ही गोष्टी एकमेकींत वळत्या करू.)

आता साडेतीन लाख भागिले पाच. म्हणजे 70,000 किलोमीटर चालवल्यावर जादा दिलेली रक्कम वसूल होते. हे घर महिन्याला 500 किलोमीटर गाडी चालवत असेल, तर त्याला अकरा वर्षांहून अधिक लागतील.

पण हा हिशेबही अर्धाच आहे. ते साडेतीन लाख रुपये बँकेत 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले असते, तर वर्षाला 24,500 रुपये व्याज मिळाले असते. 500 किलोमीटरच्या हिशेबाने वर्षाची इंधनबचत होते 30,000 रुपये. म्हणजे पहिल्या वर्षी हातात खरे शिल्लक राहतात 5,500 रुपये. व्याजावर कर भरणाऱ्याला थोडे अधिक राहतील, इतकेच. आणि हीच जादा रक्कम 9 टक्के व्याजाच्या कर्जातून उभी केली, तर पहिल्या वर्षाचे व्याजच 30,000 च्या आसपास जाते. मग बचत कुठे राहिली?

उलट, महिन्याला 1,500 किलोमीटर चालणाऱ्याची वर्षाची इंधनबचत 90,000 रुपये होते. त्याचे जादा पैसे चार वर्षांत सुटतात, व्याज धरले तरी पाच-सहा वर्षांत. म्हणून टॅक्सीवाल्यांनी आणि रोज लांब जाणाऱ्या नोकरदारांनी या गाड्या आधी घेतल्या, यात नवल नाही. गाडी जितकी उभी राहील तितकी इलेक्ट्रिक गाडी महाग, हे उलटे गणित आहे खरे.

22 सप्टेंबर 2025 पासून या गणितात आणखी एक बदल झाला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या लहान पेट्रोल मोटारींवरचा वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा 5 टक्के तसाच राहिला. दोन्हींच्या करातील अंतर कमी झाले, म्हणजे लहान गाडी घेणाऱ्यासाठी किमतीतील फरक वाढला. पूर्वी कोणी करून दिलेला हिशेब आज तसाच वापरू नका.

दुसरी मोठी अडचण गाडी लावायच्या जागेची, आणि तीही शेवटी पैशांचीच आहे. वर 8 रुपये युनिट धरले ते घरच्या मीटरवर. सार्वजनिक चार्जिंग केंद्रावर जलद चार्जिंगचा दर अनेक ठिकाणी याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. शिवाय त्या सेवेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. करासह 20 रुपये युनिट धरले, तर किलोमीटरला जवळजवळ 2 रुपये 85 पैसे पडतात. मग 500 किलोमीटरवाल्या घराची वर्षाची बचत 20,000 रुपयांच्या आसपास उतरते. ती ठेवीच्या व्याजापेक्षाही कमी आहे. ज्यांना रस्त्यावर गाडी लावावी लागते किंवा जे भाड्याच्या घरात राहतात, त्यांनी या एका आकड्याकडे नीट पाहावे.

सोसायटीत स्वतःची जागा असली तरी तिथपर्यंत वायर कोण ओढणार, मीटर कोणाचा, यावर सभा रंगतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, घरच्या किंवा कार्यालयाच्या सध्याच्या वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते. मात्र मंजूर वीजभार अपुरा असेल तर तो वाढवून घ्यावा लागतो. त्याचे शुल्क आणि वायरिंगचा खर्च गाडीच्या किमतीत आधीच मिळवा. गाडीची नोंदणी करण्यापूर्वी सोसायटीकडून लेखी होकार घ्या. तोंडी होकार पदाधिकारी बदलले की विरतो.

एका चार्जमध्ये गाडी किती जाईल, याचा जाहिरातीतला आकडा चाचणीतला असतो. एसी लावून, चार माणसे बसवून, महामार्गावर वेगात नेली तर तो बराच खाली येतो. सणासुदीला गावी जाताना चार्जरवर रांग लागते किंवा चार्जर बंद मिळतो, ही भीती अगदीच खोटी नाही. पण वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याने केवळ त्यासाठी निर्णय बदलू नये. तेवढ्यापुरती भाड्याची गाडी घेतली तरी चालते.

बॅटरीचा प्रश्न मात्र जड आहे. गाडीच्या किमतीचा फार मोठा भाग बॅटरीचाच असतो. तिच्यावर बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतले जे आधी होईल त्याची हमी देतात. ही हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून देतात, हे हमीपत्रात वाचूनच घ्यावे. जुनी गाडी विकताना समोरचा बॅटरीलाच घाबरतो आणि भाव पाडून मागतो. पेट्रोल गाडीचे इंजिन ओळखीचा मेकॅनिक ऐकून सांगतो. बॅटरीचे आरोग्य सांगायला यंत्र लागते.

किंमत कमी दिसावी म्हणून आता बॅटरी भाड्याने देण्याची योजनाही आली आहे. सप्टेंबर 2024 मध्ये एमजी विंडसर ही गाडी 9.99 लाख रुपये अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये बॅटरीभाडे, अशा किमतीला बाजारात आली. त्या साडेतीन रुपयांत चार्जिंगची वीज मिळवली की किलोमीटरला पावणेपाच रुपयांच्या घरात खर्च जातो. मग पेट्रोलपेक्षा बचत उरते दीड रुपया. अशा करारात दरमहा किमान किती किलोमीटरचे भाडे द्यावेच लागेल, हे कलम आधी शोधा.

दोन सवलतींबद्दल अजूनही जुनी माहिती फिरते. आयकराच्या कलम 80ईईबीनुसार कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची वजावट फक्त 1 एप्रिल 2019 ते 31 मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जांना होती. नव्या कर्जाला ती मिळत नाही. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. विक्रेत्याने यांपैकी काही आकडा हप्त्याच्या हिशेबात धरला असेल, तर तो काढून टाकायला सांगा आणि हप्ता पुन्हा मांडून घ्या. कर्जाची मुदत शक्यतो बॅटरीच्या हमीच्या आत संपेल अशीच घ्यावी.