माळ्यावरचा मायक्रोमीटर

फिटरकाम केलेल्या माणसाच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत पुष्कळदा घोड्याच्या नालासारखे एक लोखंडी हत्यार निघते. घरची मंडळी त्याला शिकंजा समजतात. परंतु त्याच्या नळीवर बारीक रेघा असतील, तर तो मायक्रोमीटर होय. फ्रान्समध्ये पामेर याने १८४८ साली अशा हत्याराचे पेटंट घेतले.

त्याचे मर्म आट्यात आहे. मेट्रिक हत्याराचा आटा एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो आणि फिरत्या नळीवर ५० रेघा असतात. म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटरची. नळीवर २५ रेघा असल्या तर हत्यार बहुधा इंची समजावे. त्याला इंचात ४० आटे असतात आणि एक रेघ इंचाचा हजारावा भाग दाखविते. सुतार ज्याला एक सूत म्हणतो, त्यात अशा १२५ रेघा बसतात! आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला; त्याआधीच्या हत्यारांत इंची माप सापडले तर नवल नाही.

आटा गंजाने अडकला असल्यास पक्कडीने पिळू नये. रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे, पुसावे आणि पातळ तेल द्यावे. मापाच्या दोन तोंडांना पॉलिश पेपर मुळीच लावू नये. हत्यार चकाकेल, पण माप बिघडेल. तोंडांमध्ये कोरा कागद हलकेच धरून ओढला की मळ निघतो. मग तोंडे मिटवून शून्य जुळते का पाहावे. थोडा फरक असल्यास बहुतेक हत्यारांत तो लहान चावीने काढता येतो. मधला आटा झिजलेला असू शकतो, म्हणून ठाऊक जाडीचे गेज धरून दोन-तीन ठिकाणी पडताळावे.

इतका खटाटोप कशासाठी? कामगारांच्या तंट्यांत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे, की तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्याचा नग नापास झाला म्हणजे त्याची भाकरी कापली जाते. अशा वेळी आरडाओरड उपयोगी पडत नाही. ‘माझ्यासमोर मोजा’ असे म्हणता आले पाहिजे, आणि समोर मोजलेले वाचता आले पाहिजे. वडिलांचे हत्यार काचेच्या कपाटात ठेवण्यापेक्षा मुलामुलींच्या हाती द्यावे आणि त्यांच्याकडून घरातल्या तारेची जाडी मोजून घ्यावी, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.