कृष्णविवराभोवतीच्या प्रकाशाची दिशा

कृष्णविवराचे पहिले चित्र एप्रिल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या वर्तुळाभोवतीचे ते नारिंगी कडे अनेकांना आठवत असेल. हे कृष्णविवर एम87 या दीर्घिकेच्या केंद्रात, साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याचे वस्तुमान सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांइतके आहे. ते भोवतालचा वायू गिळते आणि त्याच वेळी त्याच्या जवळून निघालेला झोत हजारो प्रकाशवर्षे दूर जातो. या झोताला जोर कुठून मिळतो? नुसत्या चित्रावरून ते कळत नव्हते. चुंबकीय क्षेत्र दुबळे मानले काय किंवा बळकट मानले काय, कडे जवळपास तसेच दिसत होते.

वाट काढली ती ध्रुवीभूत प्रकाशाने. साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांना कंप पावतात, ध्रुवीभूत प्रकाशाच्या एकाच दिशेला. रस्त्यावरची चकाकी अडवणारे पोलरॉइड गॉगल याच फरकावर चालतात. कृष्णविवराजवळ अतिवेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात. त्यांचा प्रकाश मुळातच ध्रुवीभूत असतो आणि त्याच्या कंपनाच्या दिशेवरून चुंबकीय रेषांची दिशा कळते. इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या शास्त्रज्ञांनी मार्च 2021 मध्ये असा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कड्यावर भोवऱ्यासारख्या वळलेल्या रेषा होत्या.

पण त्या सरळ वाचता येत नाहीत. गुरुत्वाकर्षण प्रकाश वाकवते आणि वाटेतला तप्त, चुंबकीय वायू कंपनाची दिशाच फिरवतो. म्हणून शास्त्रज्ञ उलटीकडून निघतात. कृष्णविवराची गिरकी आणि क्षेत्राची ताकद गृहीत धरून महासंगणकावर वायूचा प्रवाह काढायचा, त्यातून निघणाऱ्या किरणांचा माग घ्यायचा आणि दुर्बिणीला दिसेल तितके ते चित्र धूसर करायचे. अशी 72 हजार चित्रे तयार झाली. मग डॉक्टर एकेक आजार वगळत निदानापर्यंत येतात, तसे न जुळणारे वगळले गेले. टिकली ती मोजकीच, आणि त्यांचा कौल बळकट क्षेत्राच्या बाजूने पडला.

बळकट म्हणजे किती? 1 ते 30 गाउस; फ्रिजच्या दारावरच्या चुंबकापेक्षाही कमी! पण अब्जावधी किलोमीटर पसरलेल्या विरळ वायूला थोपवायला ते पुरते. फिरते कृष्णविवर अशा क्षेत्राला पीळ देते व त्यातून ऊर्जा बाहेर पडते, ही ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांची 1977 मधील कल्पना त्यामुळे अधिक भक्कम झाली.

या गणिताची दुखरी बाजू म्हणजे इलेक्ट्रॉनांचे तापमान. ते बहुतेक वेळा गणितातून निघत नाही, गृहीत धरावे लागते. त्यातच 2025 मध्ये नवा पेच समोर आला. रेषांचा भोवरा 2017 मध्ये एका दिशेला वळलेला होता, 2018 मध्ये तो स्थिरावला आणि 2021 मध्ये चक्क उलटा झाला. कड्याचा आकार मात्र तेवढाच राहिला. कृष्णविवराजवळचे क्षेत्रच बदलले, की वाटेतल्या वायूने दिशा फिरवली, याचा उलगडा आता करायचा आहे.