बाटलीवरील ‘ईसी’ आणि माती अहवालातील ‘ईसी’ : संक्षेपांचा अर्थ समजून घ्या

लातूर परिसरात सोयाबीन, तुरीचा हंगाम आला की बियाण्याची पिशवी, कीडनाशकाची बाटली आणि माती परीक्षण अहवाल या तिन्हींवर संक्षेप दिसतात. त्यांचा अर्थ चुकला तर निर्णयही चुकतो.

वाणांची नावे
- एमएयूएस (उदा. एमएयूएस ७१) : मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सोयाबीन. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांचे नाव मिळाले, वाणांचा जुना संक्षेप मात्र कायम आहे.
- जेएस (जेएस ३३५) : जवाहर सोयाबीन, जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे.
- बीडीएन (बीडीएन ७११) : जालना जिल्ह्यातील बदनापूर संशोधन केंद्राची तूर.

पुढचा आकडा वाणाची ओळख आहे. तो पिकाचे दिवस किंवा उत्पादन सांगत नाही.

कीडनाशकाचे रूप
- ईसी : तेलकट द्रावण. पाण्यात टाकताच दुधाळ होते.
- डब्ल्यूपी : पाण्यात मिसळणारी भुकटी. आधी थोड्या पाण्यात कालवून मग टाकीत ओतावी.
- एससी : द्रवातील बारीक कण तळाशी बसू शकतात. बाटली हलवून माप घ्यावे.
- एफएस : बीजप्रक्रियेसाठीचे द्रवरूप.

थायामेथोक्झाम ३० एफएस बीजप्रक्रियेसाठी, तर २५ डब्ल्यूजी हे पाण्यात पसरणारे दाणेदार रूप आहे. घटक एकच, वापर वेगळा. आकडा सक्रिय घटकाची टक्केवारी दाखवतो, म्हणून एकाची मात्रा दुसऱ्याला लावू नये. पीक आणि मात्रा लेबल वाचूनच ठरवावी.

एकच संक्षेप, दोन अर्थ
माती अहवालातील ‘ईसी’ म्हणजे विद्युत वाहकता, अर्थात जमिनीतील विद्राव्य क्षारांचे माप. ते डेसिसायमन प्रति मीटरमध्ये देतात. साधारणपणे १ पेक्षा कमी असल्यास क्षारांची अडचण नसते. जास्त असल्यास निचरा आणि पाण्याची प्रत तपासावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी
‘ईसी म्हणजे इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट’ एवढेच लिहिले, तर एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा येतो. पत्रक किंवा शब्दसूचीतील प्रत्येक नोंदीत चार गोष्टी द्याव्यात : संक्षेप कुठे दिसतो, पूर्ण रूप, सोपा अर्थ आणि शेतकऱ्याने काय करावे. दोन अर्थ असतील तर दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. छापण्याआधी दोन-तीन शेतकऱ्यांना वाचायला द्यावे. ते जिथे अडतील तिथे शब्द बदलावा.