दुखते मान आणि कंबर, पण आखडलीय मधली पाठ? १० मिनिटांत होणारे ५ सोपे व्यायाम

खुर्चीत मुद्दाम पोक काढून बसा आणि दोन्ही हात डोक्यावर न्या. हात कुठे अडतात ते पाहा. आता ताठ बसून पुन्हा तेच करा. बहुतेकांचे हात दुसऱ्या वेळी जास्त वर जातात. खांदे तेच असतात, बदलते ती फक्त पाठीच्या मधल्या भागाची ठेवण. मान किंवा कंबर दुखली की आपण मलम लावतो, उशी बदलतो. या मधल्या भागाकडे मात्र लक्ष जात नाही.

मधली पाठ म्हणजे नेमका कोणता भाग?
मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या जोडलेल्या असतात. हृदय आणि फुप्फुसांना संरक्षण देणारा हा पिंजरा मजबूत असतो, पण त्यामुळे इथली हालचाल मुळातच मर्यादित असते. त्यात तासन्‌तास लॅपटॉप किंवा मोबाइलवर वाकून बसलो, की हा भाग आणखी आखडतो.

मान आणि कंबरेशी त्याचा संबंध काय?
गाडी रिव्हर्स घेताना आपण मागे वळून पाहतो. धड वळवण्याचे हे काम मुख्यतः मधली पाठ करते. ती एका बाजूला साधारण ३० ते ३५ अंश वळू शकते. कंबरेच्या मणक्यांचे सांधे मात्र पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले असतात, ते फारसे वळत नाहीत. मधली पाठ वळेनाशी झाली, की तिच्या वाटची हालचाल मान, खांदे आणि कंबरेकडून करून घेतली जाते आणि त्यांच्यावरचा ताण वाढू शकतो.

कोणते व्यायाम करावेत?

१. बरगड्यांचा श्वास : दोन्ही तळहात बरगड्यांच्या बाजूंवर ठेवा. नाकाने श्वास घेताना हात बाहेरच्या बाजूला ढकलले जाऊ द्या. ५ वेळा.

२. मार्जारासन : हात-गुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ वर गोल करा, श्वास घेत छाती हळूच खाली सोडा. ८ ते १० वेळा.

३. बसून वळणे : खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये उशी दाबून धरा, म्हणजे कंबर स्थिर राहील. हातांची छातीवर घडी घाला आणि श्वास सोडत एका बाजूला वळा. दोन्ही बाजूंना ८ वेळा.

४. खुर्चीवरून मागे झुकणे : चाके नसलेली, कमी उंचीच्या पाठीची भक्कम खुर्ची घ्या. हातांनी मानेला मागून आधार द्या आणि खुर्चीच्या वरच्या कडेवरून छाती हळूच मागे न्या. कंबरेतून वाकू नका. ८ वेळा.

५. पुस्तक उघडणे : डोक्याखाली उशी घेऊन कुशीवर झोपा, गुडघे दुमडा, दोन्ही हात समोर एकमेकांवर ठेवा. गुडघे न हलवता वरचा हात पुस्तकाच्या पानासारखा उघडत मागे न्या. नजर हातासोबत फिरवा. दोन्ही बाजूंना ६ ते ८ वेळा.

करताना काय लक्षात ठेवावे?
ओढ जाणवली तर चालेल, कळ आली तर थांबा. झटके देऊ नका, श्वास रोखू नका. पाठीतून 'कट' आवाज यायलाच हवा, असेही नाही. 'पाठ मोकळी होते' म्हणून मुलाला पाठीवर उभे करण्याची सवय सोडा. हाडे ठिसूळ असतील तर ते महागात पडू शकते. ताठ बसूनही तासन्‌तास हललो नाही तर पाठ आखडतेच. त्यामुळे दर अर्ध्या तासाने उठा.

डॉक्टरांकडे कधी जावे?
- पाठदुखीसोबत छातीत दडपण, घाम, दम लागणे किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर व्यायाम करत बसू नका. तातडीने रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.
- पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, ताप, कारण नसताना घटणारे वजन, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ही लक्षणे अंगावर काढू नका.
- हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी पुढे वाकण्याचे आणि वळण्याचे व्यायाम सल्ल्याशिवाय करू नयेत.
- वय ४५ च्या आत आहे, ३ महिन्यांहून अधिक काळ पाठ दुखते, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ती आखडलेली असते आणि विश्रांतीने नव्हे, तर हालचालीने बरे वाटते? मग दोष फक्त बसण्याच्या सवयीचा नसू शकतो. 'अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस' हा मणक्यांचा संधिवात अनेकदा असाच, तरुण वयात सुरू होतो आणि 'बसून काम करतो म्हणून दुखतंय' असे समजून त्याचे निदान वर्षानुवर्षे लांबते. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांना दाखवा.